हिशेब कोणापुढं मांडायचा?



 इन्फोसिस ही १९८१ साली पुण्यात सुरू झालेली कंपनी. समाजकार्यासाठीचं तिचं फाउंडेशन १९९६ चं, म्हणजे कंपन्यांवर अशा खर्चाची सक्ती करणारा कायदा येण्याआधीचं. पुढं २०१३ चा कंपनी कायदा आला. कलम १३५ सांगतं की, ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत.

या पैशाचा हिशेब कसा फिरतो पाहा. कंपनीच्या पैशातून वस्तीत काम करणारी सेवाभावी संस्था कंपनीला अहवाल देते. कंपनीची समिती संचालक मंडळाला सांगते, मंडळ भागधारकांना आणि सरकारला. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना मोठ्या प्रकल्पांचं मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. तो अहवालही मंडळापुढंच ठेवायचा. वस्तीत शौचालय बांधलं, पण पाणीच येत नाही, तर तिथल्या बाईनं कुणाला जाब विचारायचा? याबद्दल कलम १३५ गप्प आहे.

तिनं विचारलंच, तर आपल्याकडं म्हण तयार असते : धर्माची गाय, अन् दात का गं नाय! पण दान घेणाऱ्याला त्या दानात राहावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. त्यांतली बरीच घरं दात्यांनी बांधून दिली. रस्ते सरळ, भिंती पक्क्या. पण बैल कुठं बांधायचे, धान्य कुठं ठेवायचं, हे शेतकऱ्याला आधी विचारायला हवं होतं.

त्याच भूकंपानं दुसरी वाटही दाखवली. जिथं घरांची दुरुस्ती व्हायची होती, त्या गावांत ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकारानं गावातल्याच बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. कुणाला किती मदत मंजूर आहे, ती कशी खर्च करायची, हे त्या घरोघरी समजावत आणि अडचणी अधिकाऱ्यांपर्यंत नेत. हिशेब लोकांपुढं मांडण्याची वाट राजस्थानातही निघाली. तिथं २ डिसेंबर १९९४ रोजी कोटकिराना गावी मजूर किसान शक्ती संघटनेनं जनसुनवाई, म्हणजे लोकांसमोरची सुनावणी, घेतली. सरकारी कामांचे कागद सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचले गेले. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही कळलं, खोटं कुठं आहे.

सरकारी कामाला लावलेली ही कसोटी सेवाभावी संस्थांना का नको? काम सुरू होण्याआधी रक्कम आणि आराखडा वस्तीत, वस्तीच्या भाषेत वाचून दाखवावा. तक्रार ऐकणारा माणूस संस्थेच्या पगारावरचा नसावा. आणि मुख्य म्हणजे, पुढचा हप्ता सोडण्याआधी दात्यानं वस्तीचं मत घ्यावं. आज संस्थेला भीती असते ती फक्त देणाऱ्याची. वस्तीच्या एका ‘नाही’नं हप्ता अडतो, हे एकदा कळलं, की अहवाल लिहिणारी मंडळी आपणहून वस्तीत येऊन बसतील.