घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे
(मंडळाच्या आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही. २२ वर्षे ट्रक चालवलेला माणूस आहे. या आजारातून मी स्वतः गेलो, म्हणून मंडळाने मला बोलण्याची आज्ञा केली.

मी घोरत असे. घरचे म्हणत, "दमून येतो, कसा गाढ झोपतो!" पण सकाळी डोके जड, तोंड कोरडे आणि दुपारी स्टिअरिंगवर डुलकी. एकदा गाडी रस्ता सोडून खडीवर गेली, तेव्हा जाग आली. कोणाला इजा झाली नाही. रोग ओळखला तो माझ्या पत्नीने. "घोरता घोरता यांचा श्वासच थांबतो, मग दचकून उठतात," असे तिने निद्राविकार केंद्रातील डॉक्टरांना सांगितले.

तेथे प्रथम 'एपवर्थ' नावाची ८ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली. वाचताना, टीव्ही पाहताना, प्रवासात डुलकी लागण्याचा संभव किती, असे ते प्रश्न. २४ पैकी १० पेक्षा जास्त गुण पडले, तर दिवसाची झोप प्रमाणाबाहेर समजतात. मग वजन, रक्तदाब, मानेचा घेर व घसा तपासला. नंतर एक रात्र तेथेच झोपवले. डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला व पायांना तारा, छाती-पोटावर पट्टे, नाकाशी नळी, बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा. सुई नाही, वेदना नाही. श्वास किमान १० सेकंद थांबला किंवा फार मंदावला, की नोंद होते. तासाला ५ पेक्षा कमी नोंदी म्हणजे सामान्य. ३० च्या पुढे आजार तीव्र. माझ्या ४१ निघाल्या!

डॉक्टर म्हणाले, "उपचार लागू पडेपर्यंत गाडी चालवू नका." पोटावर पाय आला असे वाटले. याच भीतीने कित्येक चालक हा आजार लपवतात. पण गाडीखाली येणाऱ्यालाही घरदार असते.

मला सीपॅप यंत्र दिले. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली हा उपचार जगापुढे मांडला. मुखवट्यातून येणाऱ्या हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी राहते. पहिला आठवडा मुखवटा नकोसा झाला. पुढे सवय झाली. यंत्राने रोग मुळातून जात नाही, ते रोज लावावे लागते. वजन उतरवले, कुशीवर झोपू लागलो. महिन्याभराने डॉक्टरांनी यंत्रातील नोंदी तपासल्या आणि मग परवानगी दिली.

झोपेची प्रत्येक तक्रार अशीच नसते. निद्रानाशावर सवयी व विचार बदलण्याची उपचारपद्धती आहे. रात्री पाय सारखे हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोह तपासतात. मात्र घोरणाऱ्याने झोपेची गोळी मनाने घेऊ नये आणि दारूला शिवू नये. दोन्हींनी श्वासाचा अडथळा वाढू शकतो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या वयाला ८ ते १० तास झोप हवी. आणि शिक्षक-पालकहो, वर्गात पेंगणाऱ्या मुलाला आळशी ठरवण्याआधी ते रात्री घोरते का, हे पाहा. टॉन्सिल वाढल्यानेही असे होते.

घरात कोणी घोरत असेल, तर हसू नका. त्याचा श्वास ऐका, आणि तो थांबत असेल तर त्याला दवाखान्यात न्या.