गुरुजींच्या शिक्षणाचा खर्च कोणी करावा?

(कशेडी येथे पालक व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



आज आपण ज्या विषयासाठी येथे जमलो आहोत तो वरकरणी रुक्ष आहे. शिक्षकांचे सेवेत असताना व्हावयाचे प्रशिक्षण आणि त्याचा खर्च, असे म्हटले की पालकाला वाटते, ही सरकारची व गुरुजींची आपसातील बाब आहे. आपण मोलमजुरी करणाऱ्यांनी तीत कशाला पडावे? हा समज घातक आहे. गुरुजी आणि बाई जे शिकत नाहीत, त्याची किंमत आपले मूल मोजते. म्हणून शिक्षकाच्या शिक्षणाचा खर्च त्याच्या खिशातून होता कामा नये आणि पालकांच्या वर्गणीतूनही होता कामा नये. तो सार्वजनिक तिजोरीतून झाला पाहिजे, आणि तो तसा करवून घेणे हे पालकांचे कर्तव्य आहे, एवढे एकच मला आज सांगावयाचे आहे.

ज्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पाटी-पुस्तक नांदत आले, त्याच्या मुलाला शिक्षक कच्चा मिळाला तरी त्याचे फारसे अडत नाही. त्याचा बाप शिकवतो, आई शिकवते, नाहीतर शिकवणी लावता येते. आपल्या मुलाला शाळेतील शिक्षकाखेरीज दुसरा आधार नाही. त्या शिक्षकाचे ज्ञान वीस वर्षांपूर्वीच थांबले असेल, तर आपल्या मुलाचे शिक्षणही तेथेच थांबते.

शिकलेला शिक्षक काय करू शकतो, याचे उदाहरण आपल्या परिसरातच आहे. येथून जवळच्याच मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे रामजी सुभेदारांचे गाव. त्यांनी पुण्यास सैन्याच्या नॉर्मल स्कूलात शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि पुढे पलटणीच्या शाळेत अनेक वर्षे मुख्याध्यापकाचे काम केले. शिकवावे कसे, हे शिकलेला मनुष्य एका घरात होता, आणि त्या घरातून बाबासाहेब आंबेडकर निर्माण झाले. प्रत्येक घरात रामजी सुभेदार असू शकत नाहीत. म्हणून प्रत्येक गावाच्या शाळेत तसा शिक्षक हवा.

हा विचार नवा नाही. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी प्राथमिक शाळांचे शिक्षक प्रशिक्षित असावेत, ते शक्यतो शेतकरी वर्गांतून यावेत आणि त्यांना पुरेसा पगार मिळावा, अशी मागणी केली. शिक्षक चांगला हवा असेल तर त्याच्यावर पैसा खर्च केला पाहिजे, हे त्यांनी सरकारला स्पष्ट सांगितले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात बोलताना बाबासाहेबांनी सरकारपुढे एक साधा हिशेब मांडला. या इलाख्यात शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च होतात, आणि अबकारी करापोटी लोकांकडून दरडोई २ रुपये २ आणे ९ पै वसूल होतात. लोकांच्या दारूतून सरकार जेवढे घेते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करावे, अशी त्यांची मागणी होती. या भाषणानंतर आठच दिवसांनी, २० मार्च रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांनी ओंजळीत घेतले. तळ्याचा हक्क आणि तिजोरीचा हिशेब या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच महिन्यात मागितल्या, हे आपण विसरू नये.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा अधिनियम २००९ साली संमत झाला व १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या कलम ८ मध्ये शासनाची आणि कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची, म्हणजे आपल्याकडे जिल्हा परिषदेसारख्या संस्थेची, कर्तव्ये सांगितली आहेत. शिक्षकांना प्रशिक्षणाची सोय उपलब्ध करून देणे, हे त्या दोन्ही कलमांतील एक कर्तव्य आहे. शिक्षकाने पदरमोड करून शिकावे, असे त्या कलमांत कोठेही लिहिलेले नाही.

व्यवहारात मात्र निराळे घडते. आपल्या राज्यात १२ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनंतर निवडश्रेणी मिळण्यासाठी शिक्षकाला ठरावीक प्रशिक्षण पूर्ण करावे लागते. २०२१ साली या प्रशिक्षणाची नोंदणी झाली, तेव्हा प्रत्येक शिक्षकाकडून २,००० रुपये शुल्क घेण्यात आले. पुढे १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, शिक्षण हक्क कायद्यापूर्वी नेमलेल्या आणि निवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ शिल्लक असलेल्या शिक्षकांनीही दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे. अन्यथा त्यांना सेवा सोडावी लागेल. पन्नाशीला आलेल्या माणसाला पुन्हा परीक्षेला बसावयास सांगितले, तर त्याच्या अभ्यासाची पुस्तके, वर्ग आणि वेळ यांची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न तेथे उभा राहतोच.

यावर कोणी म्हणेल, शिक्षकाला बरा पगार आहे. प्रशिक्षणाने त्याचीच वेतनश्रेणी वाढते. मग दोन हजार रुपये भरले तर काय बिघडले? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. वाढलेला पगार शिक्षकाच्याच घरी जातो, हे खरे. परंतु अट सरकारने घातली आहे, आणि जो अट घालतो त्याने ती पुरी करण्याचे साधनही पुरवावे, हा न्याय आहे. शिवाय शिकण्याचा खर्च ज्याच्या त्याच्या खिशावर सोडला की, ज्याला परवडते तो शिकतो आणि बाकीचे केवळ प्रमाणपत्रापुरते हजर राहतात. त्यांच्या हाताखालच्या मुलांचा यात काय दोष?

आणि शुल्क हा या खर्चाचा लहानसा भाग आहे. मोठा भाग कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही. कायद्याप्रमाणे ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. डोंगरातील आपल्या बहुतेक वाड्यांच्या शाळा त्याच मापाच्या. आपल्या जिल्ह्याची शिक्षण व प्रशिक्षण संस्था येथून सव्वाशे किलोमीटरांहून दूर. दोघांपैकी एक शिक्षक दहा दिवस तिकडे गेला, तर मागे राहिलेल्या एकाने पाच इयत्ता सांभाळावयाच्या, दुपारच्या भोजनाकडे पाहावयाचे आणि कागदही भरावयाचे. पहिली ते पाचवीचे वर्ष कायद्याने २०० दिवसांचे. त्यातील दहा दिवस म्हणजे वर्षाचा विसावा हिस्सा. तो हिस्सा आपल्या मुलांच्या वाट्यातून कापला जातो. तेव्हा प्रशिक्षणाचा खरा हिशेब मांडावयाचा तर त्यात शुल्क आले, प्रवास व मुक्काम आला, आणि तेवढ्या दिवसांपुरता बदली शिक्षकही आला. हे सर्व मिळून सरकारने द्यावे, अशी आपली मागणी असली पाहिजे.

शिक्षक बंधुभगिनींनाही मला दोन शब्द सांगावयाचे आहेत. सेवेच्या प्रत्येक पाच वर्षांत शिक्षकाला निदान दोन-तीन महिने सेवांतर्गत शिक्षण मिळावे, असे कोठारी आयोगाने १९६६ सालीच सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दरवर्षी किमान ५० तासांची अपेक्षा आहे. तुमच्या शिक्षणासाठी गाव भांडेल. पण तुम्ही शिकून आल्यावर वर्गात काय बदलले, हे विचारण्याचा अधिकारही गावाला राहील. हजेरीपुस्तकात सही करून परत येणे याला शिक्षण म्हणता येत नाही.

आता पालकांनी काय करावे? याच कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित गटांतील मुलांच्या पालकांना प्रमाणात स्थान द्यावे लागते. ते स्थान ही मेहेरबानी नाही. तो आपला हक्क आहे. कलम २२ प्रमाणे ही समिती शाळा विकास आराखडा तयार करते, आणि शासनाच्या अनुदानाला तोच आराखडा आधार असतो. म्हणून समितीच्या बैठकीला जा. आपल्या शिक्षकांना कोणत्या विषयात मदत हवी आहे, हे त्यांनाच विचारा. मग आराखड्यात तीन गोष्टी लिहावयास सांगा: शिक्षकांना हवे असलेले प्रशिक्षण, त्याचा शुल्क-प्रवासासह खर्च, आणि त्या दिवसांसाठी बदली शिक्षक. ठराव वाचून दाखवावयास सांगा, मगच सही किंवा अंगठा करा, आणि त्याची प्रत मागून घ्या.

कोणी म्हणेल, आम्ही गरीब. आम्ही कोणत्या तोंडाने तिजोरीचा हिशेब मागावा? बंधूंनो, साबणाच्या वडीवर आणि काडीपेटीवर तुम्ही कर भरता. तिजोरीत तुमचाही पैसा आहे. चवदार तळे नगरपालिकेचे होते, म्हणजे सर्वांचे होते. तरी कोणीतरी जाऊन पाण्याला हात लावेपर्यंत ते सर्वांचे झाले नाही. शाळा विकास आराखड्याचा कागदही तसाच आहे. पुढच्या बैठकीला तो हातात घ्या.