शेजारी भीतीत असताना विहाराने काय करावे?

(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



आज बोलायचे आहे ते आपल्या शेजारच्या परप्रांतीय मजुरांविषयी. विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या, ते आम्हाला इथून दिसते आहे. पण ऐकून घ्या.

करंजा, रेवस, मोरा बंदरांत बोटींवरचे खलाशी बघा. आता त्यात बाहेरच्या प्रांतांतली, नेपाळचीसुद्धा पोरे असतात. स्लॅबच्या कामावर बंगाली बोलणारे मजूर आहेत. संध्याकाळी बाजारात ही माणसे हळू आवाजात बोलतात. का? तर जून २०२५ मध्ये मीरा रोडकडे राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून उचलले आणि थेट सीमेपार ढकलले. ते भारतीयच निघाले, मग परत आणावे लागले. ही बातमी प्रत्येक खोलीत पोचलेली आहे.

कुणी म्हणेल, आपला किनारा नाजूक आहे. आहेच. १९९३ साली श्रीवर्धनजवळ शेखाडीला आरडीएक्स उतरले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बोट लागली, ती घातपाताची नव्हती तरी सगळा जिल्हा हादरला. तपास व्हायलाच पाहिजे. पण पोलिसांनी तपास करणे वेगळे आणि नाक्यावरच्या चार पोरांनी "कागद दाखव" म्हणून दमदाटी करणे वेगळे. हा अधिकार त्यांना कुणी दिला?

संविधान घरोघरी फोटोखाली ठेवलेले आहे, ते जरा उघडून बघा. देशात कुठेही फिरावे, राहावे, हा १९ व्या कलमातला हक्क नागरिकाचा आहे. पण २१ व्या कलमात शब्द आहे 'व्यक्ती'. म्हणजे जो नागरिक नाही, त्याचाही जीव आणि स्वातंत्र्य कायदा सोडून हिरावता येत नाही. २२ वे कलम सांगते, अटक केली तर कारण सांगा, वकील भेटू द्या, २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. आम्ही कुणाला लपवा असे सांगत नाही. कायदा पुरता पाळला जावा एवढेच मागतो.

आणि परके कोण हो? आपले आजे कोकण सोडून मुंबईच्या गिरण्यांत गेले. काम मिळाले, पण विणखात्याचे दार बंद! तुटलेला धागा ओठाने ओढावा लागे, त्याचा विटाळ होईल म्हणून. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे टाकला. आजही आपल्याच जिल्ह्यातला कातकरी उचल घेऊन कोळसाभट्टीवर कर्नाटकापर्यंत जातो. तिथे परका तोच. कुड्याच्या लेण्यांत दान देणाऱ्यांत कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. घाट उतरून आलेल्या त्या माणसाचे दान तेव्हाच्या संघाने घेतलेच ना?

आता कामाचे बोलू. पहिली गोष्ट, यादी करू नका. घाबरलेल्या माणसाचे नाव वहीत लिहिले की त्याची भीती दुप्पट होते. उलट आपले नंबर त्याच्या हातात द्या. चौकीवर बोलावणे आले तर त्याला एकटा पाठवू नका. विहारातली दोन जाणती माणसे बरोबर जावीत, शांतपणे बसावीत, अटक केली आहे की नुसती विचारपूस, एवढे विचारावे. मोफत वकिलासाठी अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००. मुलांना शाळेत घाला; जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. गावाकडचे रेशनकार्ड असेल तर धान्य इथल्या दुकानातही मिळते, हे पुष्कळांना माहीतच नाही. आणि बायकांशी महिला मंडळानेच बोलावे, आम्हा पुरुषांसमोर त्या तोंड उघडणार नाहीत.

आणखी एक, कडू आहे. भाडेकरूची नोंद चौकीत देणे घरमालकाचे काम. भाडे रोख घ्यायचे, पावती नाही, नोंद नाही, आणि पोलीस आले की "आम्ही ओळखत नाही" म्हणायचे! असे आपल्यातही आहेत, नाव घेत नाही. या महिन्यात ती नोंद करून टाका.

चौकीवर बरोबर जाण्यासाठी माणसे पाहिजेत. रात्रपाळीवाले सकाळी मोकळे असतात, त्यांनी दिवसाचे बघावे. आम्ही संध्याकाळचे घेतो. आज भोजनदान झाल्यावर लगेच निघू नका, ज्यांना जमेल त्यांनी बोधीवृक्षाखाली थांबा.