बीकन माझा, भरवसा बायकोवर
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं छोटेखानी भाषण)



फराळाच्या आधी पाचच मिनिटं घेतो. पेशानं मी आयटी कन्सल्टंट, पण कोलोरॅडोत आल्यापासून बॅककंट्री स्कीइंगचं वेड लागलंय. म्हणजे लिफ्ट नाही, आखलेली वाट नाही. डोंगर आपणच चढायचा आणि कोऱ्या बर्फावरून घसरत उतरायचं. तिथे खरी भीती हिमस्खलनाची.

म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू हव्यातच: बीकन, प्रोब आणि फावडं. सगळे बीकन 457 किलोहर्ट्झवर संदेश सोडतात. कोणी गाडला गेला की बाकीच्यांनी आपले बीकन शोधावर टाकायचे, प्रोबच्या लांब काठीनं नेमकी जागा टोचून बघायची आणि खणायचं. पहिल्या 10 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. पुढे आशा झपाट्यानं मावळते.

खरेदीसाठी मी रीतसर एक्सेल शीट केली आणि सगळ्यांत जास्त फीचर्सवाले दोन बीकन घेतले. मग सवयीप्रमाणे टेस्टिंग! एक बीकन डब्यात घालून मीटरभर खोल पुरला, वरचा बर्फ बुटांनी चेपला आणि बायकोला म्हटलं, "समज, हा मी. शोध."

तिला 19 मिनिटं लागली.

हातमोजे घालून बटणं दाबेनात. खिशात फोन चालू, त्यामुळे आकडे नाचत होते. शोधताना फोन बीकनपासून निदान अर्धा मीटर लांब हवा, हे माहितीपुस्तिकेत होतं, वाचलं कोणी? प्लास्टिकचं फावडं तर वाकलंच. डबा हातात घेऊन ती गप्प उभी राहिली. मीही.

दुसऱ्याच दिवशी सगळं परत केलं. आता साधे, तीन अँटेनांचे, मोठ्या बटणांचे बीकन आहेत, निवड तिची. फावडं अॅल्युमिनियमचं. दर मोसमाच्या सुरुवातीला सराव. गेल्या वेळी 6 मिनिटं!

एअरबॅगही घेतली. चिवड्याचा डबा हलवला की बारीक चुरा खाली जातो, मोठे दाणे वर येतात; फुगलेली पिशवी माणसाला तसाच वर ठेवायला मदत करते. पण झाडावर आपटलो तर यातलं काहीच कामाचं नाही. म्हणून निघण्याआधी कोलोरॅडो अॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा अंदाज वाचायचा, आणि धोका दिसला तर मुकाट्यानं घरी बसायचं.

मंडळी, माझा बीकन मला वाचवत नाही. दुसऱ्याच्या हातातला वाचवतो. तेव्हा निवड त्या हातांना विचारून करा.

चला, चिवडा वाट बघतोय!