दोन क्रिया, एक उपयोग
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



श्वेतांबर परंपरेत निह्नवांच्या कथा आहेत. त्यांतील पाचवे निह्नव आर्य गंग. उल्लुका नदी ओलांडताना त्यांच्या मस्तकाला उन्हाचा ताप आणि पायांना पाण्याचा गारवा जाणवला. त्यावरून, एकाच समयी दोन क्रियांचा अनुभव घेता येतो, असे मत त्यांनी मांडले. गुरूंनी ते मान्य केले नाही. समय अतिसूक्ष्म आणि मन अतिचपळ. म्हणून एका विषयावरून दुसऱ्यावर गेल्याचे ध्यानात येत नाही. कमळाची शंभर पाने सुईने एकदम भेदली असे भासते, प्रत्यक्षात ती एकामागून एक भेदली जातात. जिनभद्रगणी क्षमाश्रमणांच्या विशेषावश्यकभाष्यात या वादाची सविस्तर चर्चा आहे.

आजच्या कार्यालयांत मात्र आर्य गंगांचेच मत चालते. 2001 साली रुबिनस्टाइन, मेयर व इव्हान्स या संशोधकांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. कामे आलटून-पालटून करताना प्रत्येक बदलाला वेळ खर्ची पडतो, आणि काम गुंतागुंतीचे असेल तर अधिकच, असे त्यांत दिसले. एलियाहू गोल्डरॅट यांनी 1997 च्या ‘क्रिटिकल चेन’ या पुस्तकात प्रकल्प रखडण्याच्या कारणांत याच सवयीची गणना केली होती.

हिशेब साधा आहे. एका माणसाकडे दहा-दहा दिवसांची तीन कामे आली. एक पुरे करून दुसरे हाती घेतले, तर ती 10, 20 व 30 व्या दिवशी संपतात. सर्वांना खूश ठेवण्यासाठी प्रत्येकाला पाच-पाच दिवस आळीपाळीने दिले, तर 20, 25 व 30 व्या दिवशी. तिसऱ्याला काहीच लाभ नाही. पहिल्याचे मात्र दहा दिवस गेले, आणि त्या कामावर ज्यांचे पुढचे काम अवलंबून, तेही तितके दिवस खोळंबले.

मग ही रीत टिकते का? ती टिकवणारी मूल्ये सद्गुणांच्या वेषात येतात, हेच त्याचे उत्तर. कोणालाही ‘नाही’ न म्हणणारा सहकारी वृत्तीचा, सतत धावपळीत दिसणारा निष्ठावान ठरतो. काम आरंभिले की वरिष्ठांचा मान राहतो. ते पुरे केव्हा झाले, हे नंतर फारसे कोणी विचारत नाही.

धार्मिक संस्थाही यास अपवाद नाहीत. जीर्णोद्धार, धर्मशाळा आणि पाठशाळा, तिन्हींचे दाते सारखेच आदरणीय. म्हणून तिन्ही कामांचा शुभारंभ एकाच मुहूर्तावर होतो आणि तिन्हींचा भार एकाच कार्यवाहाच्या शिरी येतो. वास्तुविशारदाचा नकाशा त्याच्या टेबलावर मंजुरीवाचून पडतो, गवंडी दुसरीकडे जातात आणि पाठशाळेची मुले आणखी एक चातुर्मास ओसरीत बसतात. यात कोणी आळशी नसते, हे विशेष.

सामायिकाच्या 48 मिनिटांत दुकानातून निरोप आला तरी श्रावक उठत नाही. घरात कोणी त्यास उद्धट म्हणत नाही. कार्यालयात मात्र तासभर दार लावून एक अंदाजपत्रक पुरे करणाऱ्याला तेच ऐकावे लागते.