साऱ्या गावाचा किल्ला

ट्रान्सिल्वेनिया म्हटलं की बहुतेकांना ड्रॅक्युला आठवतो. मला मात्र रोमानियातल्या या मुलखाचं खरं नवल त्याच्या खेड्यांमध्ये वाटतं. तिथल्या कितीतरी गावांत चर्चभोवती किल्ल्यासारखी तटबंदी आहे. देवाच्या घराला बुरूज आणि जंग्या कशासाठी?

बाराव्या शतकात हंगेरीचा राजा दुसरा गेझा यानं सरहद्दीवर वस्ती करायला जर्मनभाषक शेतकरी आणि कारागीर बोलावले. त्यांना सॅक्सन हे नाव पडलं. १२४१ मध्ये मंगोलांनी हा प्रदेश उद्ध्वस्त केला. पुढं तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या आणि पंधराव्या शतकात त्या वाढत गेल्या. शहरांनी आपल्याभोवती तट उभारले. खेड्यांना अख्ख्या गावाला तट घालणं कुठून परवडणार? मग त्यांनी गावातली सर्वांत भक्कम दगडी इमारत, म्हणजे चर्च, तेवढं वेढून घेतलं. आपल्याकडची गढी पाटलाची किंवा देशमुखाची. हा किल्ला मात्र साऱ्या गावाचा.

ब्राशोव शहराजवळचं प्रेझ्मेर पाहा. मधोमध चर्च आणि त्याभोवती सुमारे १२ मीटर उंचीचा गोलाकार तट. खरी गंमत तटाच्या आतल्या अंगाला आहे. तिथं एकावर एक मजले चढवून अडीचशेहून अधिक खोल्या बांधल्या आहेत. वर जायला लाकडी जिने, दारांवर क्रमांक. प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली. शांततेच्या काळात तिथं धान्य साठवायचं आणि वेढा पडला की बिऱ्हाड हलवायचं. मुलांचं शिक्षण अडू नये म्हणून आत शाळेचीही खोली होती! मला वाटतं, जो समाज वेढ्यातही शाळा भरवायचं ठरवतो, तो केवळ जीव वाचवायला तटाआड जात नाही.

विस्क्री गावात एका बुरुजात खारवलेलं डुकराचं मांस टांगून ठेवत. थंड हवेत ते टिकायचं. कोणाचं कोणतं ते कळावं म्हणून त्यावर खूण असायची. बिएर्तानच्या चर्चमध्ये मौल्यवान वस्तूंच्या खोलीला १५१५ चा दरवाजा आहे. एक किल्ली फिरवली की त्याचे अनेक अडसर एकदम सरकतात. हे कुलूप १९०० मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात मांडलं होतं. त्याच आवारात एक लहानशी खोली दाखवतात. काडीमोड मागणाऱ्या नवरा-बायकोला तिथं कोंडून ठेवत, असं सांगतात. पलंग एक, ताट एक, चमचाही एकच. बहुतेक जोडपी समेट करूनच बाहेर पडत म्हणे!

शत्रूला पुरून उरलेले हे तट विसाव्या शतकापुढे मात्र हतबल ठरले. जानेवारी १९४५ मध्ये रोमानियातल्या सुमारे ७० हजार जर्मनांना सोविएत संघात सक्तीच्या मजुरीसाठी नेलं गेलं. पुढं चाउशेस्कूच्या राजवटीत पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून त्यांना सोडवून नेत असे. डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली, सीमा खुल्या झाल्या आणि १९९० या एका वर्षात एक लाखाहून अधिक जर्मन देश सोडून गेले. आठशे वर्षांची गावं बघता बघता रिकामी झाली.

युनेस्कोनं १९९३ मध्ये बिएर्तानला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. १९९९ मध्ये त्यात आणखी सहा गावांची भर पडली. पण अशी चर्च आजही दीडशेच्या आसपास आहेत. मानपत्रानं छप्पर गळायचं थांबत नाही. ते शाकारायला माणसं लागतात. २०१६ मध्ये रोतबाव गावच्या चर्चचा मनोरा कोसळला. तिथं कोणीही वेढा घातला नव्हता.

मला वाटतं, तट बांधणाऱ्यांनी बाहेरून येणाऱ्या सगळ्यांचा विचार केला होता. आतली माणसंच एक दिवस निघून जातील, हे त्यांच्या मनात तरी कसं यावं? आता या भिंती राखायच्या त्या शेजारी राहणाऱ्या रोमानियन आणि रोमा कुटुंबांच्या, परतून येणाऱ्या थोड्या सॅक्सनांच्या आणि दुरून येणाऱ्या प्रवाशांच्या भरवशावर. वारसा रक्तानं मिळतो खरा, पण टिकतो तो सांभाळणाऱ्यांच्या हातून.