टोमॅटोवरील अळी आणि लहान शेतकऱ्याचा उपाय

शहरांतील घरीं कोशिंबिरीसाठीं टोमॅटो चिरतांना कधीं कधीं देठाजवळ एक वाटोळें भोंक आढळतें, आणि सुरी पुढें सरकली कीं आंत हिरवट रंगाची अळी दिसते. गृहिणी तें फळ बाजूला टाकते आणि दुसरें घेते. तिच्यापुरता तो प्रश्न तेथेंच मिटतो. परंतु नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी, निफाड, चांदवड किंवा सिन्नर तालुक्यांत ज्यानें एक-दीड एकर टोमॅटो लावला असेल, त्याचा सगळा हंगाम त्या एका भोंकावर अडतो. पिंपळगांव बसवंतच्या बाजारांत २० किलोंच्या जाळीवर, म्हणजे शेतकरी जिला 'कॅरेट' म्हणतात तिच्यावर, बोली होते. जाळींत पोखरलेलीं फळें दिसलीं कीं व्यापारी भाव पाडतो किंवा माल नाकारतो.

भावाची तर शाश्वतीच नाहीं. २०२१ च्या ऑगस्टांत दर इतके कोसळले कीं नाशिककडील शेतकऱ्यांनीं टोमॅटो रस्त्यावर ओतले. २०२३ च्या जुलैंत तोच टोमॅटो शहरांत किलोला शंभर रुपयांवर गेला. भाव शेतकऱ्याच्या हातीं नाहीं, पाऊस नाहीं. हातीं आहे तो केवळ खर्च. त्या खर्चांत औषधफवारणीचा वांटा मोठा असतो. म्हणून जड विषांवांचून ही अळी आटोक्यांत ठेवतां येईल काय, हा प्रश्न लहान शेतकऱ्याच्या दृष्टीनें पोटाचा आहे.

प्रथम शत्रूची ओळख करून घेतली पाहिजे. शास्त्रज्ञ या किडीस 'हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा' म्हणतात. खेड्यांत तिला एक नांव नाहीं. हरभऱ्यावर ती घाटेअळी होते, कापसावर बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. नांवें चार, पण कीड एकच. एक पीक निघालें कीं ती दुसऱ्यावर जाते, आणि बागायती मुलखांत तिला उपासमार अशी बहुधा कधीं होतच नाहीं.

तिची मादी म्हणजे तपकिरी, पिवळसर छटेचा एक पतंग. तो रात्रीं हिंडतो आणि कोंवळ्या पानांवर व फुलांवर एकेक अंडें सुटें घालतो. एक मादी कित्येक शें अंडीं घालूं शकते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून इवलीशी अळी निघते. ती थोडा वेळ पानें व कळ्या खाते आणि मग फळांत शिरते. मोठी अळी डोकें फळांत खुपसून अर्धें अंग बाहेर ठेवते. एक फळ अर्धवट खाऊन दुसऱ्याकडे वळते. अशा रीतीनें एक अळी अनेक फळें नासवते. दोन-तीन आठवड्यांनीं ती झाडावरून उतरते, मातींत कोष करते, आणि त्यांतून पुन्हा पतंग निघतो.

या जीवनक्रमांतच तिच्या बंदोबस्ताची किल्ली आहे. अळी फळांत शिरली कीं कोणतेंहि औषध तिला गांठूं शकत नाहीं. अंडें फुटल्यापासून फळांत शिरेपर्यंतचे थोडे दिवस हाच काय तो मोका. तो हुकलेला शेतकरी भोंकें पाहून घाबरतो आणि फवारणीवर फवारणी करतो. विष फळावर बसतें आणि अळी आंत सुखरूप राहते.

शिवाय जड विषानें दुहेरी नुकसान होतें. पहिलें हें कीं, ढालकिडे, क्रायसोपा, कोळी असे जे जीव अळ्यांवर व अंड्यांवरच जगतात, ते आधीं मरतात. दुसरें हें कीं, विषांतून ज्या थोड्या अळ्या वांचतात त्यांचीच संतति वाढते, आणि कांहीं वर्षांत त्या विषाला दाद न देणारी जात तयार होते. १९८७ च्या हंगामांत आंध्र प्रदेशांतील कापसावर नेमकें हेंच झालें. पायरेथ्रॉइड वर्गाचीं औषधें वारंवार फवारूनहि ही कीड हटली नाहीं, आणि शेतकरी कर्जांत बुडाले. माणसाला होणारा अपाय तर वेगळाच. २०१७ च्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कापसावर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फडकें बांधून जो माणूस सरींतून चालतो, त्याच्या श्वासाचा हा प्रश्न आहे.

मग करावें काय? एकच रामबाण उपाय येथें नाहीं. लहान लहान उपायांची सांखळी आहे, आणि तिची पहिली कडी लागवडीच्या कितीतरी आधीं, वैशाखांतच आहे. भर उन्हाळ्यांत खोल नांगरट केली म्हणजे मातींतले कोष उघडे पडतात. कांहीं उन्हानें मरतात, कांहीं नांगरामागें चालणारे बगळे व साळुंक्या वेंचतात.

दुसरी कडी पावसाच्या तोंडावर. त्या सुमारास कडुनिंबाखालीं निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या वेंचून, धुऊन, सावलींत वाळवून ठेवाव्या. हंगामांत पांच किलो निंबोळ्यांचा गर कुटून रात्रभर पाण्यांत भिजत घालावा, सकाळीं फडक्यांतून गाळावा, थोडें साबणाचें पाणी मिसळून एकूण शंभर लिटर द्रावण करावें आणि संध्याकाळीं फवारावें. निंबोळीचें सत्त्व अळीला तत्काळ मारीत नाहीं. तें तिची भूक मोडतें आणि तिला कात टाकूं देत नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं मेलेल्या अळ्या दिसल्या नाहींत तरी धीर सोडूं नये. मात्र अळ्या लहान असतांनाच याचा उपयोग होतो; मोठीवर त्याचा फारसा परिणाम होत नाहीं.

तिसरी कडी झेंडूची. या पतंगाच्या मादीला झेंडूचें फूल फार आवडतें. बेंगळुरू येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेनें यावरून अशी पद्धति बसविली कीं टोमॅटोच्या दर १६ ओळींस झेंडूची एक ओळ लावावी. यांत एक मर्म आहे. टोमॅटोचें रोप सुमारें २५ दिवसांचें आणि उंच वाढणाऱ्या झेंडूचें सुमारें ४५ दिवसांचें असावें. म्हणजे दोन्ही एकाच वेळीं फुलावर येतात आणि मादी बरीचशीं अंडीं झेंडूवर घालते. हा मेळ चुकला तर झेंडू केवळ शोभेला उरतो. तसेंच झेंडूवरील अळ्या वेंचावयास हव्यातच. नाहींतर सापळ्याचेंच पाळणाघर होतें.

पतंग केव्हां आले हें कळण्यासाठीं कामगंध सापळा लावतात. मादीच्या गंधासारखा कृत्रिम गंध त्यांत ठेवलेला असतो. त्याला भुलून नर आंत पडतात. एकरी पांच सापळे पुरतात. कांहीं नर कमी होतात हा फायदा किरकोळ. खरा उपयोग सूचनेचा आहे. रोज सकाळीं पतंग मोजून टिपून ठेवावे. सलग दोन-तीन दिवस दर सापळ्यांत आठ-दहा पतंग पडूं लागले कीं शेतांत अंडीं पडत आहेत असें समजून कामाला लागावें.

अंड्यांचा शत्रू ट्रायकोग्रामा नांवाची गांधीलमाशीच्या कुळांतील माशी. ती एक मिलिमीटरहूनहि लहान असते आणि आपलें अंडें पतंगाच्या अंड्यांत घालते. त्यांतून अळीऐवजी नवी माशीच बाहेर येते. प्रयोगशाळांतून अशीं अंडीं कार्डांवर चिकटवून मिळतात. त्या कार्डाचे तुकडे पानांखालीं टांचले कीं काम होतें. हीं कार्डें लावल्यानंतर जड विष फवारणें म्हणजे आपल्याच पाहुण्याला घरांत घेऊन मारणें होय.

अंड्यांतून वांचलेल्या अळ्यांसाठीं एक विषाणु उपलब्ध आहे. तो या अळीलाच रोग करतो. माणूस, गाय, मधमाशी यांना त्याची बाधा होत नाहीं. रोगी अळी झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि डोकें खालीं करून लोंबकळत मरते. तिच्या अंगाचें पाणी होऊन पानांवर गळतें आणि रोग आणखी पसरतो. ऊन लागल्यास हा विषाणु निकामी होतो. यास्तव तो संध्याकाळीं, थोडा गूळ व नीळ मिसळून फवारतात.

यांशिवाय दर तोडणीच्या वेळीं पोखरलेलीं फळें वेगळ्या पाटींत गोळा करून खोल पुरलीं पाहिजेत. तीं बांधावर टाकणें म्हणजे पुढची पिढी पोसणें. नाशिककडे टोमॅटोची झाडें बांबू व तार बांधून उभीं करतात. त्यांवर कोतवाल पक्षी आयते येऊन बसतात आणि पतंग व अळ्या टिपतात.

या सर्व पद्धतीला पैसा कमी लागतो, पण डोळे आणि हात फार लागतात. दहा एकरांचा धनी प्रत्येक ओळ रोज पाहूं शकणार नाहीं. अर्ध्या-एक एकराचें कुटुंब पाहूं शकतें. येथें लहानपण हेंच बळ ठरतें. तरीहि एखाद्या वर्षीं ढगाळ हवा लांबते, शेजारच्या शेतांतून पतंगांचे लोंढे येतात आणि सांखळी अपुरी पडते. अशा वेळीं जाणकाराला विचारून एखादें सौम्य औषध एकदांच, लहान अळ्यांवर, वापरण्यांत कमीपणा नाहीं. मात्र वेष्टनावर सांगितलेले दिवस लोटल्यावांचून फळ तोडूं नये.

शेवटची कडी शहरांतील ग्राहकाच्या हातीं आहे. फळावर एवढासाहि डाग नको असा त्याचा हट्ट बाजाराला कळतो, बाजार तो शेतकऱ्याला कळवितो, आणि शेतकरी पंप उचलतो. सालीवर एखादा वाळलेला ओरखडा असलेलें फळ चवीला कमी नसतें. हें घराघरांतून मानलें गेलें तर फवारणीचे कित्येक फेरे आपोआप वांचतील. आणि दसऱ्याला दारावर झेंडूचें तोरण बांधतांना एवढें ध्यानांत असावें कीं त्यांतलीं कांहीं फुलें टोमॅटोच्या शेतांत अळीशीं झुंज देऊन आलेलीं असतात; त्यांच्या विक्रीनें त्याच शेतकऱ्याच्या खर्चाला थोडा हातभार लागलेला असतो.